ज्याच्या गळ्यात चिठ्ठी नव्हती

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या छत्रीमुळे. शाळेच्या शिवणवर्गातली दोन मशिनं बंद पडली होती आणि मुख्याध्यापिकांनी मला या मशीन दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या दुकानात पाठवलं होतं. बाहेर ऊन मरणाचं. मी आत शिरले, छत्री टेबलावर ठेवली आणि कोणतं मशीन टाके सोडतं, कोणतं दोरा तोडतं ते सांगू लागले. ते ऐकत होते, मान हलवत होते आणि हात आपले चाललेच होते. बोलणं संपवून मी छत्री उचलली, तर तिच्या दांड्याला पांढऱ्या दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर उभ्या, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'शाळेच्या बाई. दुरुस्ती नाही.'

मी हसले. ते हसले नाहीत. दुकानात शिरलेली वस्तू आपली नसते, ती ज्याची आहे त्याचं नाव आधी तिच्या गळ्यात पडलं पाहिजे, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ही शिस्त त्यांच्या उस्तादांची. गळ्यात चिठ्ठी असलेली वस्तू म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला हात धुऊन हात लावायचा, असं उस्ताद म्हणायचे.

शाळेतल्या मुली त्यांना चिठ्ठीमास्तर म्हणायच्या. पुढे मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. दहा बाय चौदाचं दुकान, रस्त्याच्या कडेला, दोन पायऱ्या उतरून. मांडणीवर, माळ्यावर, जमिनीवर शिलाई मशिनं, आणि प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. मागच्या भिंतीशी मात्र एक छोटं लेथ होतं, लोखंड कातायचं यंत्र. जुन्या मशिनांचे भाग बाजारात मिळेनासे झाले तसे मास्तर ते या लेथवर स्वतः बनवायला लागले. दुकान चालत होतं ते त्या लेथवर. मशीन दुरुस्त करणारे गावात आणखी चार होते, पण मेलेल्या मशीनचा भाग नव्याने कातून देणारे हे एकटेच.

त्या लेथला चिठ्ठी नव्हती. टेबलाला, भिंतीवरच्या घड्याळाला, पान्यांच्या पेटीलाही नव्हती. एकदा मी त्यांना विचारलं, यांचं काय? तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाई, घरच्या माणसाच्या गळ्यात कोणी पाटी अडकवतं का?"

मी निवृत्त झाल्यावर आईचं मशीन त्यांच्याकडे टाकलं आणि ते कुठवर आलंय हे बघण्याच्या निमित्ताने अधूनमधून त्यांच्या स्टुलावर बसायला जाऊ लागले. म्हणूनच त्या बुधवारी अकरा वाजता मी तिथे होते. दोन हमाल घेऊन कोर्टाचा बेलिफ पायऱ्या उतरून आला. किडकिडीत, घामेजलेला, सभ्य माणूस. त्याने आधी पाणी मागितलं आणि मग जप्तीचा हुकूम वाचून दाखवला.

हुकूम मास्तरांवर नव्हताच. तो त्यांच्या मेहुण्याच्या पेढीवर होता. तीस वर्षांपूर्वी दुकान भाड्याने घेताना जागेच्या मालकाला कोणीतरी वजनदार भाडेकरू हवा होता. मास्तरांकडे वजनदार म्हणजे एक ऐरण. बायकोचा भाऊ घाऊक कापडाचा व्यापारी, त्याची पेढी, छापील कागद, शिक्का. मग भाडेकरार त्याच्या पेढीच्या नावाने झाला, वीजही त्याच्याच नावाने आली आणि दारावरची पाटीही पेढीचीच लागली. घरातलंच माणूस, म्हणून कोणी फिरून विचार केला नाही. आता पेढी बुडाली होती, मेहुणा परगावी जाऊन बसला होता आणि पेढीच्या सावकारांनी कोर्टाला तिचा पत्ता म्हणून हे दुकान दिलं होतं.

मास्तर घाबरतील असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला. इन्स्पेक्टर वर्गावर आला की ज्याचा गृहपाठ पुरा असतो त्या मुलाचा उजळतो, तसा. त्यांनी बेलिफाला एकेक चिठ्ठी वाचून दाखवली, स्टुलावर चढून माळ्यावरची मशिनं खाली काढली, पावतीपुस्तक उघडून चिठ्ठ्या त्याच्याशी ताडून दिल्या. हे शिंपीणबाईंचं, हे वसतिगृहाचं, हे बाईंच्या आईचं. चिठ्ठीशिवाय इथे दुसऱ्याचं काही नाही, असंही त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. बेलिफाने सगळी मशिनं बाजूला लिहिली. एकालाही हात लावला नाही.

मग तो मागच्या भिंतीकडे वळला.

"आणि हे?"

"ते माझं."

"चिठ्ठी?"

मास्तरांनी लेथकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बेलिफाने विचारलं, बिल आहे का? नव्हतं. दारावरच्या पाटीवर तुमचं नाव आहे का? नव्हतं. मग दुकान पेढीचं, आणि दुकानात जे दुसऱ्या कोणाचं नाही ते पेढीचं, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं. मला वाटतं त्यालाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं. टेबल, घड्याळ आणि पान्यांची पेटी हातगाडीवर गेली. लेथ उचलणं हमालांच्या आवाक्यात नव्हतं. त्यावर शिक्क्याचा कागद चिकटवून, चालवायचं नाही अशी ताकीद देऊन ते मास्तरांच्याच ताब्यात ठेवलं गेलं, आणि ते सांभाळीन अशी सही मास्तरांनी केली. सही करून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाई, मी आत्ता कोणाचा राखणदार झालो?"

संध्याकाळी मी त्यांना माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे घेऊन गेले. ती वकील आहे. शाळेत गणितात शेवटची पायरी गाळायची, आता एकही गाळत नाही. तिने सांगितलं ते ऐकून आम्ही दोघं आणखीच गोंधळलो. कारागिराच्या पोटापाण्याची हत्यारं त्याच्या स्वतःच्या कर्जासाठी जप्त होत नाहीत, म्हणाली. कर्ज मास्तरांचं असतं तर लेथ सुरक्षित होतं. पण कर्ज मेहुण्याचं, आणि मेहुणा कारागीर नाही, व्यापारी.

मास्तरांनी विचारलं, "म्हणजे कर्ज मी काढायला हवं होतं?"

"तसं नाही, काका."

"मग लेथ माझं आहे हे कळण्यासाठी मी काय करायला हवं होतं?"

विकत घेतल्याचा कागद हवा होता, असं ती म्हणाली. लेथ आलं कुठून? उस्तादांकडून. उस्तादांचे डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी ते मास्तरांना दिलं, तोंडी. मग खरेदीचं बिल उस्तादांच्या नावाचं असणार. ते शोधा.

घरी मास्तरांच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. भाऊ तिचाच. मग म्हणाली, "दुकान माझ्या भावाचं, मशिनं गिऱ्हाइकांची, लेथ उस्तादांचं. मग माझं लग्न लावलं कोणाशी?" आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, जरा जास्तच जोरात.

उस्ताद जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या बायकोला मास्तर 'काकू' म्हणतात. त्या लेकीकडे राहतात, दोन बस बदलून जावं लागतं. रविवारी आम्ही गेलो. काकू ऐंशीच्या पुढच्या, पण नजर सुईसारखी. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी बिल काढलं, चार घड्या घातलेलं, उस्तादांच्या नावाचं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात पुढे केला. काकूंनी बिल दिलं नाही.

"त्यांनी तुला लेथ दिलं म्हणतोस. काय म्हणाले होते?"

मास्तर आठवू लागले. "म्हणाले, आता हे तूच चालव."

"चालव म्हणाले. घे म्हणाले का?"

मास्तरांना आठवेना. मी त्यांच्याकडे बघत होते. ते खरोखर शोधत होते, तीस वर्षं मागे, त्या एका संध्याकाळी. शेवटी म्हणाले, उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, एवढं पक्कं आठवतं.

काकू म्हणाल्या, "खांद्यावरच्या हाताचा कागद होत नाही, बाळा. तुझं म्हणशील तर पुरावा नाही. माझं म्हणशील तर हा आहे. वापरायला दिलेलं, अजून माझंच. मी सही करते. पण मग तुलाही तसंच सांगावं लागेल, आणि एकदा सांगितलंस की ते तसंच."

परतीच्या बसमध्ये तिसऱ्या थांब्याला मास्तरांनी विचारलं, "बाई, काकू खरं बोलल्या, की माझ्यासाठी खोटं?"

छत्तीस वर्षं मी वर्गात पेन्सिली कोणाच्या हे ठरवत आले. दात लागलेल्या, टोकं मोडलेल्या, दोघांनी धरलेल्या पेन्सिली. मी दोघांची तिकिटं पर्समध्ये ठेवली. काकूंच्या लेकीने निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाबा ते लेथ मास्तरांनाच देऊन गेले असं आम्ही घरात समजत होतो, पण आईच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही. मी ते मास्तरांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

काकूंच्या नावाने हरकत अर्ज गेला. तारखेला मी आणि मास्तरांची बायको मागच्या बाकावर बसलो. न्यायाधीशसाहेबांनी बिल पाहिलं, मास्तरांना समोर बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला.

"हे लेथ तुमचं आहे का?"

मास्तरांनी बिलाकडे पाहिलं. बायकोने माझं मनगट धरलं. त्यांनी 'हो' म्हटलं असतं तर लेथ गेलं असतं, आणि 'नाही' म्हटलं तर काय गेलं असतं ते त्या खोलीत कोणीच लिहून घेणार नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "मी चालवतो."

आठवड्याने बेलिफ येऊन कागद खरवडून गेला. पाणी प्यायला, आणि या वेळी थोडा वेळ बसला. टेबल, घड्याळ आणि पेटी मात्र परत आली नाहीत, कारण त्यांचं बिल कोणाच्याच नावाचं नव्हतं. जागेच्या मालकाने नवा करार मास्तरांच्या नावाने केला. पाटी त्यांनी स्वतः रंगवली, त्याच उभ्या अक्षरात.

माझ्या घरी एक जुनं टेबल पडून होतं. मी ते त्यांना दिलं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्याच्या पायाला चिठ्ठी: 'बाई.' मी म्हटलं, अहो, दिलंय ना तुम्हाला. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "दिलं म्हणजे चालवायला, की घ्यायला? तेवढं लिहा." मी लिहिलं, तारीख घातली, सही केली. तेव्हा कुठे त्यांनी दोरा कापला.

आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत. सकाळी नऊला दुकान उघडतात. लेथच्या गळ्यात काकूंच्या नावाची चिठ्ठी आहे. हात धुऊन, ती डाव्या हाताने बाजूला करून ते लेथ सुरू करतात.