भुजंगरावांच्या अंगणातला सांधा

मुदखेडच्या भुजंगरावांनी छत्तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून काढली. खांद्यावर हातोडा अन् पायाखाली धर्माबादकडचा रूळ. रिटायर झाल्यावर माणूस देवदर्शनाला जातो, पारावर पत्ते कुटतो. ह्या गड्यानं काय करावं? घरामागच्या सीताफळींमधून, लिंबाला वळसा घालून, करंगळीएवढ्या जाडीचे पितळी रूळ टाकले. पोरगा सत्यम पुण्यात नोकरीला. त्यानं विजेवर चालणारं इंजिन अन् चार डबे आणून दिले. गल्ली म्हणाली, म्हाताऱ्याला खेळणं मिळालं. भुजंगराव रुळावरची पानं झाडत राहिले. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचा रूळ सांभाळला होता, आता गाडीसुद्धा आपलीच होती.

पण नुसती गोल फिरणारी गाडी बघून चार दिवसांत त्यांचं मन भरलं. स्टेशन म्हटलं की दुसरी लाइन पाहिजे, अन् दुसरी लाइन म्हटलं की गाडीला तिकडं वळवणारा सांधा पाहिजे. विकत आणलेला सांधा हातानं सरकवायचा होता, अन् त्याची चोच, म्हणजे दोन रूळ मिळून जिथं टोक होतं ती जागा, प्लास्टिकची. तिथं वीज नाही. इंजिन हळू आलं की चोचीवर मुकाट उभं राहायचं.

इथं सून पुढं आली. दीपमालानं नांदेडच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला; गावातल्या निम्म्या पाणबुडी मोटारी तिच्याच हातानं वाइंड झालेल्या. तिनं प्लास्टिकची चोच काढून पितळेची घासून बसवली. गाडी सरळ जाताना त्या चोचीत एका रुळाची वीज लागते, वळताना दुसऱ्या रुळाची. चुकलं की शॉर्ट. म्हणून सांध्याच्या दांडीलाच तिनं एक बारका स्विच जोडला, सांधा सरकला की वीजही बदलायची. सांधा ढकलायला भंगारातल्या कारच्या दाराच्या लॉकची मोटर. पाणी जाऊ नये म्हणून वर श्रीखंडाचा डबा उपडा. ओट्यावर बसून बटण दाबलं की लिंबाखाली खट्! नुसतं ते ऐकायला भुजंगराव दिवसातून पन्नासदा बटण दाबत.

एकाच गोष्टीवर दोघांचं वाजलं. चोच अन् तिच्या पुढचे रूळ ह्यांच्यात फट ठेवावी लागते, म्हणजे दोन्हीकडची वीज एकमेकीत मिसळत नाही. सून म्हणाली, करवतीच्या पात्याएवढी ठेवू अन् मध्ये कागद घालू. सासरे म्हणाले, नको, चाक आदळतं, केसाएवढी ठेव. पौषाची थंडी होती. "मामा, लाइन तुमची, म्हणणं तुमचं," म्हणून तिनं केसाएवढी ठेवली.

चैत्रात त्यांनी नरसिंग मुकादमांना गाडी बघायला बोलावलं. हे त्यांच्या गँगचे मुकादम. अठरा वर्षांत भुजंगरावांचं एकही काम त्यांनी खोट न काढता सोडलं नव्हतं. बोल्ट आवळला तर जास्त आवळला, खडी भरली तर कमी भरली. अहो, सत्यमच्या लग्नात मांडवाचा खांब हलवून बघितला अन् म्हणाले, ह्याला अजून एक ठोका पाहिजे होता. भुजंगरावांच्या मनात एकच होतं. एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाला आपल्या रुळात खोट सापडू नये.

सकाळी गाडी अकरा फेऱ्या बिनतक्रार फिरली. मुकादम आले दुपारी बाराला, डोक्याला रुमाल गुंडाळून, हातात छत्री. भुजंगरावांनी बटण दाबलं, खट् झालं, अन् गाडी जागची हललीच नाही. ट्रान्सफॉर्मरचा लाल दिवा लागला. शॉर्ट.

भुजंगरावांनी पुन्हा बटण दाबलं, दिवा लालच. दीपमाला वायरी तपासू लागली. मुकादम मात्र गुडघ्यावर बसले, रुळाला बोट लावलं, चटका बसला तसं मागं घेतलं, अन् चोचीपाशी नाक नेऊन बघत राहिले.

"भुजंग्या, फट कुठाय?"

फट नव्हती. उन्हानं रूळ वाढून चोचीला भिडले होते. आता बघा, उन्हाळ्यात रूळ वाढतो, फट सोडा, हे ज्यानं नव्या पोरांना जन्मभर शिकवलं, त्याच्याच अंगणात हे व्हावं. खेळण्यातल्या रुळालाही तेच ऊन लागतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

गप्प बसणं सोपं होतं. सांधा सुनेनं बसवलेला, मुकादमांना काय कळणार? भुजंगरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मुकादम, पोरीनं मोठी फट सांगितली व्हती. म्याच न्हाई म्हणलं. खोट माझी हाय, तिची न्हाई."

दीपमाला उठली. आतून करवतीचं पातं अन् वाइंडिंगचा जाड कागद घेऊन आली. फटी कापल्या, कागदाचे तुकडे आत चिकटवले, मीटर लावून बघितलं. पाऊण तास लागला. तेवढा वेळ मुकादम तिच्यावर छत्री धरून उभे होते, अन् आश्चर्य म्हणजे एकदाही मध्ये बोलले नाहीत.

बटण. खट्. भर उन्हात गाडी चोचीवरून अशी गेली की डबासुद्धा हलला नाही. वळली, लिंबामागं गेली अन् दुसऱ्या लाइनला येऊन उभी राहिली. मुकादमांनी चारदा स्वतः बटण दाबून बघितलं. श्रीखंडाचा डबा उचलून आत डोकावले. वायर ओढून बघितली. सुटली नाही.

"भुजंग्या, तुझ्या रुळात खोट व्हती," ते म्हणाले. "पोरीच्या सांध्यात न्हाई. म्या तपासलंय."

हे वाक्य भुजंगराव आजवर अर्ध्या तालुक्याला सांगून बसलेत. आपली खोट बसल्या बसल्या सांगतात. 'पोरीच्या सांध्यात न्हाई' म्हणताना मात्र उभं राहतात. परवा सलूनमध्ये तोंडाला फेस असतानाच उठले, अन् वस्तरा हवेत धरून न्हावी बिचारा त्यांचं बोलणं संपायची वाट बघत राहिला.