उपटलेली वाळ्याची ओळ

देवावर माझा विश्वास होता, माणसांवर मात्र काडीचा नव्हता. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची खोली दरडीखाली गेली, त्या वर्षी तर कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी मनात यायचं, याचा काय डाव असेल? आम्ही नवरा-बायको जीवानिशी वाचलो आणि त्याच जागेच्या थोडं खाली ओळखीच्यांच्या खोलीत राहिलो. वरची मोकळी जागा तेवढी आमची उरली होती. ती गेली तर पुन्हा घर होणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

अशात मुलुंडहून बागकामाची हौस असलेली सात-आठ माणसं दर रविवारी येऊ लागली. हातात खुरपी, गोणपाटात वाळ्याच्या गवताचे ठोंब. उतारावर आडवी दोरी ताणायची, खुंट्या ठोकायच्या आणि त्या रेषेत वाळा लावायचा. मुळं खोल जाऊन माती धरतात, म्हणे. दोरी-खुंट्या बघून मला मोजणीच आठवली. मोजणी झाली की मागून पालिकेवाले झोपड्या तोडायला येतात, हे आम्हाला पाठ होतं. आज गवत, उद्या कुंपण! त्यांच्यातल्या चष्मेवाल्या बाई गोड बोलायच्या, ते तर मला आणखीच खटकायचं.

"ताई, ही ओळ तुमच्या जागेतून जाते. लावू ना?"

"लावा की! माझ्या बापाची थोडीच आहे टेकडी," मी फणकारले.

आमच्या कोकणातल्या गावी अडलेल्या गोष्टीचा कौल रवळनाथाला विचारतात. देवाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी त्याच संध्याकाळी ‘ओळ राहू देऊ का’ असं विचारून खोलीतल्या त्याच्या तसबिरीच्या काचेला जास्वंदीच्या पाकळ्या लावल्या. आता लपवत नाही, उजवी चांगली भिजवून दाबून बसवली आणि डावीला नुसतं ओलं बोट लावलं. डावी पडली. देवाशी लबाडी करतं का कुणी? मी केली. दुसऱ्या दिवशी जाऊन अख्खी ओळ उपटली आणि ठोंब तिथेच टाकले.

पुढच्या रविवारी बाईंनी ते पाहिलं. "नको होतं तर तसं सांगायचं ना, ताई," एवढंच म्हणाल्या आणि मंडळी पलीकडच्या उताराला गेली.

चार दिवसांनी बघते तर ओळ पुन्हा जागच्या जागी! ठोंब नीट दाबलेले, पाणी घातलेलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बाई चोरून लावून गेल्या म्हणायच्या! पुन्हा उपटायला वाकले, पण त्या खोट्या कौलाची भीती वाटली. तशीच ठेवली.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी मी रेशनच्या रांगेत होते. साकीनाक्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले आमचे हे खोलीत झोपले होते. वरून माती सुटली, अशी ओरड झाली. पिशवी टाकून धावले. "रवळनाथा, लबाडी मी केली, त्यांना कसली शिक्षा?" असं भर रस्त्यात ओरडत होते. पोचले तर वरून आलेला चिखल आमच्या जागेतल्या वाळ्याच्या ओळीशी अडून गुडघाभर साचला होता. खालची खोली शाबूत. हे दारात जांभई देत उभे. "काय गं, झालं काय?" मी रडायलाच लागले.

चष्मेवाल्या बाई आल्या तेव्हा मी त्यांचे पाय धरले. "पुन्हा लावलीत म्हणून माझं कुंकू राहिलं हो!"

त्या गोंधळल्या. "आम्ही कुठे लावली? तुम्हाला नको होती. तुमच्या जागेत नंतर पाऊल टाकलं नाही."

माझा स्वभाव संशयी. ह्यांना विचारलं, शेजारणींना विचारलं, शपथा घातल्या. कुणी हो म्हणेना. शेवटी रवळनाथापुढे हात जोडले. म्हटलं, तू लावलीस की कुणाकडून लावून घेतलीस, यापुढे विचारणार नाही. जागाही कुणी घेतली नाही. दिवाळीनंतर आम्ही ओळ राखून खोली बांधली.

आता रविवारी मीही त्यांच्याबरोबर जाते. परवा पवईकडच्या एका दरड कोसळलेल्या वस्तीत एक बाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "कुणी पाठवलं तुम्हाला? खरं सांगा."

मी खुरपी खाली ठेवली. "खरंच माहीत नाही गं," म्हटलं. "तू नको म्हणालीस तर लावणार नाही."

तिने कमरेवरचे हात काढले नाहीत. मी तिच्या होकाराची वाट बघत तिथेच मातीत बसून राहिले.