काटेअप्पांचे चिंचोके

वस्तू नुसती हातात घेऊन तिचं वजन सांगण्यात माझ्या सासऱ्यांचा हात धरणारं मुरुमच्या बाजारात कोणी नव्हतं. भोपळा उचलायचे, एकदा वरखाली करायचे आणि सांगायचे, "सव्वादोन शेर. देठ काढलास तर छटाकभर कमी." एकदा एका पाहुण्यानं चेष्टेनं आपलं पागोटं त्यांच्या हातात दिलं. तर म्हणाले, "तीन पाव. आन् आत काय बांधलंय ते येगळं." पाहुण्याची तंबाखूची चंची निघाली! धान्याची आडत होती, दारात मोठा काटा टांगलेला असायचा, म्हणून सारा गाव त्यांना काटेअप्पा म्हणायचा. एवढ्या माणसाला एकाच गोष्टीचं वजन कधी कळलं नाही, ते म्हणजे स्वतःचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी दारातून तिरके होऊन आत येत. जेवायला दोन पाट जोडून बसत आणि उठताना एका हाताला खांब लागे, दुसऱ्या हाताला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात कानडी-मराठी दोन्ही चालायचं, आणि ताटावर बसलं की मामंजींचा एक कानडी शब्द ठरलेला असे, 'स्वल्प'. म्हणजे थोडंसं. "लई न्हाय, स्वल्प वाढ." या स्वल्पाला आत्याबाई दोन शेंगापोळ्या वाढत आणि वर तुपाची धार धरत, ती 'बास' ऐकू येईपर्यंत. बास काही ऐकू यायचं नाही. मी दाराआडून बघायची. सासऱ्यांशी बोलायची रीत नव्हती. वर्षभरात मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आणि बोलले तेव्हा असं बोलले की विचारू नका.

दिवस धास्तीचे होते. इंग्रज गेले होते, आमच्याकडं मात्र निझामाचंच राज्य चालू होतं. आज अमक्याचं घर हद्दीपलीकडं गेलं, उद्या तमक्याचं, असं कानावर येत होतं. आमचे 'हे' श्रावणात सोलापूरला गेले ते तिकडंच अडकले. त्यांचा निरोप आला, 'अप्पांना आणि आईला घेऊन तुझ्या माहेरी जा.' माझं माहेर अक्कलकोटच्या अंगाला, सात कोसांवर. गाडीरस्त्याला नाके बसलेले, त्यामुळं जायचं तर शेताशेतांतून, पायी. आणि मामंजींना तर आडतीपासून महादेवाच्या देवळापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागे.

"तुमी दोघी जावा," ते म्हणाले. "म्या हितंच काट्यापाशी बसतो."

"तीस वर्सं ताट वाढलं," आत्याबाई म्हणाल्या. "तुमाला टाकून म्या न्हाय जायची."

झालं! ते हलेनात, त्यांच्यापायी त्या हलेनात, आणि या दोघांना सोडून मी कशी जाणार? तिघांचा जीव मामंजींच्या दोन गुडघ्यांवर येऊन बसला.

मामंजींचे जिवलग स्नेही म्हणजे शेजारच्या गल्लीतले हकीमसाहेब. त्यांनी गुडघे दाबून पाहिले आणि मान हलवली. "अप्पा, घुटने रो रे हैं तुमारे. दो बैल का बोझा एक बैल कब तक खींचेगा?" मग हुकूम सुटला. खाणं कमी करायचं, त्यात डाळ-भाजी वाढवायची, रोज चालायचं, आणि हुरड्याच्या दिवसांपर्यंत अंग उतरवायचं. तेव्हा ज्वारी पुरुषभर उभी असते, शेतातून जाणारं माणूस कोणाला दिसत नाही.

मामंजींनी मनावर घेतलं, पण काटेवाल्याच्या रीतीनं. दुसऱ्याच दिवशी दुकानातला लहान तराजू माजघरात आला. दिवसाला सव्वा शेर अन्न, गुंजभर जास्त नाही, ताट तोलून वाढायचं. आम्ही सासवा-सुना खूष. पण चार दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की काकडी फार जड असते. ताक तर त्याहून जड. पालेभाजी नुसती पाण्यानंच भरलेली. आणि शेंगदाण्याचा लाडू? एवढासा! तळलेल्या कुरडईनं तर पारडं हलतसुद्धा नाही. मग काकडी परत गेली, ताक परत गेलं, आणि ताटात लाडू, कुरडया, सुकं खोबरं आणि तूप यांची दाटी झाली. "सव्वा शेरावर एक तोळा न्हाय," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आणि खरंच जाऊ देत नसत हो. मापात लबाडी त्यांच्या रक्तातच नव्हती.

दर सोमवारी पूजा आटोपली की मोठ्या काट्याच्या एका पारड्यात मामंजी मांडी घालून बसत आणि दुसऱ्यात हमाल वजनं चढवी. पहिल्या सोमवारी भरले तीन मण. महिन्यानंतर भरले तीन मण चार शेर. "काट्यात खोट आली," मामंजी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपल्या काट्यावर संशय घेतला. काटा उतरवून तपासला, बरोबर निघाला. मग ते पारड्यात तसेच बसून राहिले, मान खाली घालून. आत्याबाईंना म्हणाले, "म्या तर कमीच खाल्लं की गं." त्या भल्याथोरल्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. मला इतकं वाईट वाटलं की मी रीतभात विसरून दाराआडून बोलून गेले,

"मामंजी, माझ्या माहेरी बैल आहेत."

मामंजींनी मान वर केली.

"त्यांना भारा भारा कडबा घातला तरी ते फुगत नाहीत. सरकी मूठभर जास्त झाली की फुगतात. काट्याला कडबा जड, पण अंगाला सरकी जड. तुम्ही कडबा सोडून सरकी खाताय."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर मुकी बसलेली सून पहिल्यांदा तोंड उघडते काय आणि सासऱ्याला बैलाच्या रांगेत बांधते काय! पण मामंजी हसायला लागले. असे हसले की समोरच्या पारड्यातली वजनं खणखणायला लागली. "सारी उमर म्या काटा धरला," ते म्हणाले, "आन् पोरीनं काट्याला शिकवलं. उद्यापासनं माप तुझं."

माप म्हणून मी चिंचोके घेतले. रोज सकाळी वाटीत बत्तीस चिंचोके घालायचे. भाकरीला चार, वाटीभर वरणाला दोन, चमचाभर तुपाला तीन, लाडवाला चार, शेंगापोळीला सात. पालेभाजीला एक. काकडी, मुळा आणि ताक फुकट. जे खाल्लं त्याचे चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, आणि पहिली वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं जेवण संपलं. हे आकडे मी कुठून आणले म्हणाल, तर थोडे बैलांकडून आणि बाकीचे माझ्या अकलेतून. पण वरणाला दोनच आणि लाडवाला चार म्हटल्यावर मामंजी आपणहून वरणाची वाटी पुढं करायला लागले.

सरळ मार्गानं मात्र ते कधीच आले नाहीत. प्रसादाला चिंचोका लावायचा नाही, असा त्यांनी पहिल्याच आठवड्यात निवाडा दिला. "देवाचं हाय ते, मोजू नये." त्यानंतर त्यांची भक्ती अशी उफाळली की गावातला एकही देव दर्शनावाचून राहिला नाही. कुठं खोबऱ्याचा तुकडा, कुठं पेढा. मी ते चालू दिलं. देवळं गावाच्या चार टोकांना होती आणि जायचं पायीच होतं. हकीमसाहेब मला लांबूनच हात जोडून हसायचे.

संध्याकाळी वाटी रिकामी झाली की दुसरा हट्ट असे. "सूनबाई, उद्याचे चार आज दे. उद्या म्या उपास करतो."

"उद्याचं उद्या, मामंजी."

"काट्यापरीस तू कडक हायस," ते कुरकुरत आणि ताकाचा तांब्या तोंडाला लावत.

आत्याबाईंचं वेगळंच. एकदा भाकरी वाढताना माझी बोटं निसटली. बघते तर पापुद्र्याच्या आत तूप दडवलेलं! मी रागानं बोलले, तर त्या चुलीपुढंच रडायला लागल्या. "सारा जन्म वाढून घातलं. आता हात आखडू व्हय गं? म्या दुसरं काय केलं त्यांच्यासाठी?" माझा राग कुठल्या कुठं गेला, मीही त्यांच्याजवळ बसून रडले. मग चिंचोक्यांची वाटी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, "आजपासून तुम्हीच मोजा." त्यानंतर भाकरीत तूप सापडलं नाही. उलट मामंजी माझ्याकडं तक्रार घेऊन यायला लागले की ही बाई एकाचे दोन टाकते.

दसऱ्याच्या सुमारास मला दिवस गेल्याचं नक्की झालं. आत्याबाईंनी मामंजींना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. वाटीत सहा चिंचोके शिल्लक होते, ताटात लाडू होता. ते लाडवाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बाळंतपण माहेरीच व्हायला पायजे," आणि लाडू तसाच ठेवून उठले. दुसऱ्या दिवसापासून देवळं झाल्यावर ओढ्यापर्यंत आणि परत असा फेरा वाढला. पौषात सोमवारी काट्यावर बसले तेव्हा वीस शेर उतरले होते. अंगरख्यात अजून एक माणूस मावला असता.

आम्ही सकाळच्या उन्हात निघालो, हुरड्याला चाललोय असं सगळ्यांना सांगून. किल्ली हकीमसाहेबांकडं दिली. त्यांनी मामंजींचा गुडघा नुसता थोपटला. शेतात शिरल्यावर मामंजींनी माझ्या डोक्यावरचं गाठोडं काढून घेतलं, एकदा वरखाली केलं आणि म्हणाले, "साडेचार शेर. आन् यात चिंचोके हायत." वाटेत कणसं बघून त्यांचा जीव इतका खालीवर होत होता, की शेवटी आत्याबाईंनीच ओंजळभर दाणे चोळून दिले. "ह्याचे किती?" मामंजींनी विचारलं. "आज मोजायचं नाही," मी म्हटलं. सात कोसांत आम्ही पाचदा टेकलो, त्यात तीनदा माझ्यासाठी. दिवस मावळायला माझ्या माहेरच्या दारात पोचलो, तर सारं घर बाहेर धावत आलं. मामंजी त्या दारातून सरळ आत गेले. तिरकं व्हावं लागलं नाही.

पुढं राज्य बदललं, सोलापूरहून आमचे 'हे'ही आले, आणि आम्ही सगळे परत मुरुमला आलो. हकीमसाहेबांनी किल्ली दिली, काटा जागच्या जागी होता. माझा मुलगा वर्षाचा झाल्यापासून सोमवारी आजोबांच्या मांडीवर पारड्यात बसायचा. चिंचोके मात्र सुटले नाहीत. कित्येक वर्षं रोज बत्तीस, आणि रोज संध्याकाळी तीच घासाघीस. "उद्याचे चार आज दे." "उद्याचं उद्या, मामंजी." आत्याबाई गेल्या त्या संध्याकाळीही त्यांनी सवयीनं वाटीकडं हात नेला होता, पण काही मागितलं नाही.

मग त्यांचंच जेवण तुटलं. दुखणं असं काही नाही, अन्नावरची वासनाच गेली. मी मऊ भात केला, वर तूप घातलं, चांगलं तीन चमचे. पाटाजवळ बसून म्हटलं, "वाढू?"

"स्वल्प," ते म्हणाले.

मी दोन घास वाढले. त्यांतला एक खाऊन त्यांनी ताट बाजूला केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचं स्वल्प खरोखरच स्वल्प होतं. चिंचोक्यांची वाटी समोर भरलेली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामंजी, सगळे शिल्लक आहेत हो. उद्याचेही आजच घ्या. परवाचे घ्या. पण चार घास खा."

त्यांनी वाटी उचलली, हातात एकदा वरखाली केली आणि परत माझ्या हातात ठेवली. हसले.

"उद्याचं उद्या, सूनबाई."