क्रेनचा तो ग्राफ वंदनाताईचा होता

काल माझी ताई गेली. तिच्या जिवावर मी पीएचडी झालो, आणि हे कुणालाही माहीत नाही.

हार्ट अटॅक. शाळेतून आली आणि चप्पल काढता काढता दारातच खाली बसली.
मी पुण्याहून झाशीला पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठीच थांबले होते.

वंदनाताई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. माझ्यापेक्षा कितीतरी हुशार.
मी पीएचडीला पुण्याला निघालो, आईजवळ कुणीतरी हवं होतं, म्हणून ती राहिली. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही नाही.

माझा प्रॉब्लेम ऑप्टिमल कंट्रोलचा होता. कारखान्यातली क्रेन, खाली लोंबकळणारा माल. कमीत कमी वेळात पलीकडे न्यायचा, आणि थांबल्यावर तो झुलता कामा नये.

हे कॉम्प्युटर सोडवतो, पण आधी त्याला एक अंदाज द्यावा लागतो. बाबा रे, उत्तर साधारण असं असेल. तिथून तो सुधारत जातो. अंदाज भलताच असला की भरकटतो.

माझा आठ महिने भरकटत होता.

सुट्टीत घरी आलो तेव्हा ताईनं विचारलं, "अंदाज काय दिलायस?"
"सरळ रेघ. इथून निघाला, तिथे पोचला."
"मुन्ना, क्रेन कधी डोळ्यांनी पाहिलीस तरी?"

नव्हती पाहिली. मी आपला परत पुण्याला गेलो.

ती बघायला गेली. तिच्या एका विद्यार्थिनीचे वडील, रामसेवक भैया, बिजौलीतल्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. आठवडाभर शाळा सुटली की ही ऑटोनं बिजौलीला. मांडीवर ग्राफ पेपर, हातात घड्याळ. भैया कितव्या सेकंदाला दांडा कुठे ढकलतात, ते एकेक टिपून घ्यायची.

भैयांनी तिला सांगितलं, "मैडम, रोकबे से पैलें एक बेर आगे ठेलने परत, नईं तो माल झूलतई रैहै."

थांबायच्या आधी आणखी एकदा पुढे! माझ्या डोक्यात हे सात जन्मांत आलं नसतं.

ताईनं ग्राफचा फोटो पाठवला. मी त्यावरून आकडे भरले. त्याच दुपारी कॉम्प्युटरला उत्तर सापडलं. मी फोनवर अक्षरशः किंचाळलो, आणि ती पलीकडून खदाखदा हसत होती.

मग मी पेपर लिहिला. त्यात लिहिलं, "सुयोग्य प्रारंभिक अंदाज निवडला."

बस. एवढंच.
आमच्यात असंच लिहितात. उत्तर बरोबर आलं की अंदाज कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

ताईनं विचारलं.
पेपर वाचून म्हणाली, "निवडला म्हणजे कुणी रे?"
"ताई, तसं कुणी लिहीत नाही गं."
"अच्छा," म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक फुलका वाढला.

दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतः पीएचडीसाठी अर्ज केला. त्या वयात! इंटरव्ह्यूत विचारलं, काही छापून आलंय का? ती नाही म्हणाली. झालं, घेतलं नाही.

मी फोनवर ओरडलो, "माझा पेपर सांगायचास ना!"
"काय सांगू मुन्ना? त्यात माझं नाव कुठाय?"

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तेव्हाही मी जर्नलला तिचं नाव घाला असं लिहिलं नाही. लिहीन, लिहीन म्हणत राहिलो. लाज वाटत होती, चारचौघांत आपली शोभा होईल म्हणून.

आज सकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा निरोप लिहीत होतो. आई सांगत होती, मी टाइप करत होतो. शाळा, इतक्या वर्षांची नोकरी, स्वभाव.
मग आई म्हणाली, "आणि हेही लिही, भावाच्या रिसर्च पेपरात तिचं नाव छापलंय. छापलंयस ना रे?"

मी म्हणालो, "हो आई."
टाइप केलं. ग्रुपवर गेलंही. लोक हात जोडतायत.

ते खोटं आहे.
आई हे वाचेल. वाचू दे.

त्या पेपरात वंदनाताईचं नाव नाही. माझ्या नावाच्या आधी असायला हवं होतं. तिच्या त्या ग्राफशिवाय माझ्याकडे काहीसुद्धा नव्हतं.

ताई, जर्नलला आत्ता मेल केलाय. तुला आता त्याचा काय उपयोग गं.
मला माफ करू नकोस.

तुझ्या चोर भावाचा तुला शेवटचा नमस्कार.