माझं पोट, त्यांची पाटी

सोनोग्राफी शिकायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी पहिल्याच दिवशी बजावायचो, पेशंटच्या पोटावर शिकायचं नाही. हिंगोलीजवळच्या गोरेगावहून जीपमध्ये कोंबून आलेली बाई आधीच पोट धरून बसलेली असते. तिच्यावर तुम्ही अर्धा तास प्रोब फिरवत पित्ताशय हुडकणार, हे मला मंजूर नव्हतं. मग शिकायचं कुणावर? तर माझ्यावर.

हिंगोली तेव्हा नुकतंच परभणीतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. सोनोग्राफीचं मशीन अजून अप्रूपाचं होतं. एमबीबीएस झालेली पोरं अनुभवासाठी काही महिने माझ्याकडं राहायची. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी उपाशीपोटी टेबलावर आडवा व्हायचो, बनियन वर ओढायचो आणि म्हणायचो, "हं, वाचा." पडदे ओढलेले, खोलीत अंधार, कोपऱ्यात स्टॅबिलायझरची घरघर. हिवाळ्यात ती गार जेली पोटावर पडली की नको तो धंदा असं व्हायचं. बायको म्हणायची, "लोक पाटीवर शिकवतात, तुम्ही पोटावर शिकवा." मला ते आवडायचं. माझं पोट ही त्यांची पाटी होती खरी.

या पाटीवर एक खूण होती. माझ्या उजव्या किडनीत वरच्या अंगाला पाण्याची एक गाठ होती, बोराएवढी, निरुपद्रवी. ती ज्याला सापडली तो तयार झाला, असा माझा हिशेब. पोरांना ती पटापट सापडायची, आणि आपली शिकवण्याची हातोटी काही औरच आहे असं मला वाटायचं. मी तसा तापट माणूस. पण कुणी ती गाठ सांगितली की त्या दिवशी सगळ्यांना माझ्याकडून भजी.

मग एका वर्षी एक मुलगी आली. सेनगावकडच्या एका तांड्यावरची, तिथली पहिली डॉक्टर. बोलायची कमी आणि हात तर इतका हळू चालायचा की माझा जीव कासावीस व्हायचा. तिच्यासोबतची दोघं पोरं झटपट मोकळी होत. ही मात्र लिव्हरवरून निघाली की किडनीपर्यंत पोचायला दुपार करणार. मी पडल्या पडल्या टोमणे मारायचो. "नांगरट चाललीय का? बैल दमले तुझे." ती "व्हय सर" म्हणायची आणि त्याच चालीनं पुढं जायची.

एके सकाळी उजवीकडची गाठ तिला सापडली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "सर, थांबा. डावीकडं बी काहीतरी दिसून राहिलं."

"गाठ उजवीकडं आहे," मी म्हणालो.

"उजवीकडची पाहिली सर. ही दुसरी हाय."

दोघं पोरं एकमेकांकडं पाहून हसली. मी म्हणालो, डाव्या किडनीला तिथं उंचवटा असतो, पुष्कळांना असतो, पुस्तक उघडून बघ. जरा चिडूनच म्हणालो, कारण पोटात कावळे ओरडत होते.

"पुस्तकात हाय सर. पण ह्यो त्यो न्हाई."

 प्रोब तिनं उचलला नाही. दुसऱ्या हातानं तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. "तुमीच बघा."

मी पाहिलं. असं चित्र मी किती तरी लोकांच्या पोटात पाहिलं होतं, आणि त्यांच्या नातेवाइकांना बाहेर बोलावून, हलक्या आवाजात, नांदेडला जायला सांगितलं होतं. त्या गाठीत पाणी नव्हतं. ती भरीव होती.  घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली होत्या, त्याच डोळ्यांसमोर आल्या. मला भीती वाटली, साधी, कुणालाही वाटते तशी.

बाकीचं लवकर झालं. नांदेडला सीटी स्कॅन, औरंगाबादला ऑपरेशन. डावी किडनी काढावी लागली. सर्जन म्हणाले, "गाठ किडनीच्या आत होती तोवर सापडली. बाहेर पडली असती तर मी फार काही करू शकलो नसतो. कुणी शोधली?" मी म्हणालो, "माझ्या विद्यार्थिनीनं." त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

मी घरी पडून असताना माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मी त्याला विचारलं, अरे, माझं पोट तुम्ही रोज बघत होता, कुणालाच कसं दिसलं नाही?  तो म्हणाला, "सर, आम्ही कुठं बघत होतो?" जाणारी पोरं येणाऱ्यांना दवाखान्यासमोरच्या टपरीवर सांगून जायची, सरांच्या उजव्या किडनीत वर गाठ, बाकी सगळं नॉर्मल, तेवढं म्हण आणि भजी खा. सगळे एकमेकांची री ओढत होते. टपरीवर पोरी उभ्या राहत नसत. त्यामुळं त्या मुलीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिला खरोखर बघावं लागलं.

मला हसू आलं आणि टाके दुखले.

कामावर परतलो तेव्हा तिचे शेवटचे दिवस राहिले होते. मी तिला विचारलं, "त्या दिवशी माझी भीती नाही वाटली?"

"लई वाटली सर. पण दिसून राहिलं तर न्हाई कसं म्हणू?"

त्याच आठवड्यात दोन नवी पोरं आली. त्यांना माझ्या आजारपणाचं काही ठाऊक नव्हतं. मीही काही बोललो नाही. नेहमीसारखा आडवा झालो, बनियन वर ओढलं आणि म्हणालो, "हं, वाचा." ती मुलगी मागं भिंतीला टेकून उभी होती.

पहिल्यानं भराभर प्रोब फिरवला. "लिव्हर नॉर्मल. उजव्या किडनीत वर पाण्याची गाठ. डावी किडनी नॉर्मल." माझ्या आजाराआधी गेलेल्या कुणीतरी पढवलं असणार; टपरी अजून चालू होती तर.

दुसऱ्यानंही तेच म्हटलं, शब्दाला शब्द.

"डावीची लांबी किती?" मी विचारलं.

त्यानं डावीकडं प्रोब दाबला. तिथं आता आतडं सरकून आलं होतं. त्याच्यावरच दोन टोकं धरून त्यानं मोजलं. "दहा सेंटिमीटर, सर."

 ती मुलगी पुढं आली आणि तिनं बत्ती लावली. बरगडीखालून पाठीकडं गेलेला टाक्यांचा लांब वण उजेडात आला. त्यावर जेली चकाकत होती, आणि प्रोब अजून त्याच्यावरच टेकलेला होता. पोरांचे चेहरे उतरले.

तिनं दोघांकडं पाहिलं, मग बत्ती पुन्हा मालवली.

"आता परत बघा," ती म्हणाली. "हळू बघा. सर उपाशी हायेत, पण थांबतील."