नदीपलीकडचा पत्ता

रेटा गप्प झाली होती आणि इमोजीनला त्याचाच घोर लागला होता. पोरगी चिडली असती, भांडली असती, तर आईच्या जिवाला एवढी टोचणी लागली नसती.

तशी रेटा जन्माची बोलभांड. खाणीतल्या धुळीनं छाती भरून बाप गेला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या या पोरीनं कंपनीच्या वकिलाला पायरीवरच उभं करून खडसावलं होतं. पुढं हमरस्त्यावरच्या खानावळीत बावीस वर्षं बशा उचलल्या, पण जीभ कुणाकडे गहाण टाकली नाही. गावातल्या नळांना तांबडं पाणी यायला लागल्यापासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांच्या, बैठकीत पाण्याची बाटली घेऊन उभी राहायची. बोलायची मुभा फक्त काउंटीच्या रहिवाशाला, तीन मिनिटं. आधी नाव, मग पत्ता. आदल्या रविवारी आईच्या स्वयंपाकघरात तालीम चालायची.

"इतकं भरभर नको गं बोलूस," मक्याचा पाव कापता कापता इमोजीन म्हणायची. "त्यांना लिहून घ्यायला नको का?"

"लिहितात ना! 'रेटाबाईंचे आभार मानले.' संपलं."

मग दोघी हसत सुटायच्या. आता त्या रविवारांसाठी इमोजीनचा जीव तुटत होता.

झालं असं, की मार्चमध्ये घरमालकानं भाडं वाढवलं आणि रेटा नदीपलीकडे, शेजारच्या काउंटीत, भाड्याच्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला गेली. नोकरी इथंच, दिवसभर प्यायचं पाणीही इथलंच. पुढच्या बैठकीत तिनं नाव सांगितलं आणि पत्ताही सांगितला. खरा.

अध्यक्ष कॉइल यांनी चष्मा वर सरकवला. नळयोजनेचं कंत्राट त्यांच्या मेव्हण्याकडे होतं. "रेटा बाळा, हा तर पलीकडचा पत्ता. तुझं गाऱ्हाणं आता तिकडं घाल. हं, पुढचं नाव?"

"सुटलो बुवा!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. चार जण हसले.

इमोजीन तिथंच होती, मांडीवरची पर्स घट्ट धरून. ती उठली नाही. नवऱ्याच्या मयताच्या दिवशी कॉइलनी घरी अख्खा हॅम, डुकराची मिठात मुरवलेली मांडी, पाठवला होता. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. त्या हॅमच्या मिठाला ती बावीस वर्षं जागत आली होती.

बाहेर गाडीपाशी ती लेकीला म्हणाली, "माझा पत्ता सांगायचास की. मागची खोली रिकामीच आहे."

"खोटं बोलून खरं सांगू होय, आई?" रेटानं किल्ली फिरवली. "पत्ता तुझा आहे ना? मग तूच बोल."

त्यानंतर रेटा रविवारी यायची थांबली. फोन केला तर "हो", "बरं", "ठेवते". दोन बैठका तिच्याविना पार पडल्या. पाण्याचं नाव कुणी काढलं नाही.

या सोमवारी इमोजीन सकाळपासून खुर्चीत बसून होती. चारचौघांत ती कधी बोलली नव्हती. चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायची. कॉइल वाण्याच्या दुकानात भेटतील तेव्हा काय? आणि आवाजच फुटला नाही तर? लेकीलाच फोन करून विचारावं, असं मनात आलं. पण विचारायचं काय होतं? रेटानं तर केव्हाच सांगितलं होतं.

उद्याच्या बैठकीत बोलणाऱ्यांची नावं आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत घेतात. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी इमोजीन उठली आणि तिनं काउंटीच्या कचेरीचा नंबर लावला.