अंपायरचा पांढरा कोट

आमचे हे विकले गेले, असं लोक पहिल्यांदा बोलले तेव्हा मी मैदानाच्या कडेला बायकांच्या रांगेत बसले होते. मांडीवर त्यांच्याच जेवणाचा डबा होता. तो तसाच भरलेला घरी परत आणला.

गावापासून लांब, इकडे पांडेसऱ्यात, कामासाठी आलेल्या आम्हा खानदेशी लोकांची लीग संक्रांत झाली की सुरू होते. दर रविवारी आठ-आठ ओव्हरच्या मॅचेस, टेनिसचा बॉल, आणि टीम तालुक्याच्या. अमळनेरवाले, पारोळ्याचे, शिरपूरचे, आम्ही शिंदखेड्याचे. मिलमधली, लूमच्या खात्यातली म्हणजे कारखान्यातली पोरं आठवडाभर पाळ्या करतात आणि रविवारी रंगीत जर्सी घालून अशी मिरवतात की विचारू नका. भांडणं तर पाचवीला पुजलेली. फक्त एका गोष्टीवर कधी भांडण झालं नाही, आणि ती म्हणजे अंपायर. अंपायर आमचे हे. शिंदखेड्याचे असले तरी सगळ्यांना चालायचे, कारण त्यांनी एकदा आपल्या सख्ख्या भाच्याला पहिल्याच बॉलवर आऊट दिलं होतं. त्यांचा पांढरा कोट मी स्वतः निळीत घालायची, इस्त्री करायची. शेजारच्या सचिन गावी लूमच्या खात्यात ते मास्टर, म्हणजे बिघडलेली मशीनं दुरुस्त करणारे. तिथे दिवसभर तेलकट बनियन. मान काय तो त्या कोटात.

सेमीफायनलला आमच्याच तालुक्याची टीम होती, समोर अमळनेरवाले. आमचा बॅट्समन काळा गॉगल लावून उभा. बॉल त्याच्या बॅटची कड घेऊन किपरच्या हातात गेला. टक्क आवाज आला. मला आला, माझ्या शेजारणीला आला. अमळनेरची अख्खी टीम हात वर करून ओरडली. यांनी किपरकडे पाहिलं, बॅट्समनकडे पाहिलं आणि मान हलवली. नॉट आऊट. पुढे त्याच मेल्यानं सिक्सवर सिक्स मारून मॅच काढली.

आता मॅचेस मोबाईलवर लाइव्ह दाखवतात, स्टंपाजवळ माइकही असतो. संध्याकाळपर्यंत ती टक्क सगळ्या खानदेशी घरांत वाजली.

मी तापलेलीच होते. घरी आल्या आल्या त्यांच्यासमोर मोबाईल धरला, आवाज पूर्ण वाढवला. म्हटलं, हे काय आहे? त्यांनी पाहिलं आणि मोबाईल परत दिला. "बॅट लागनी नही," म्हणाले. इतक्या थंडपणे खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. मला वाटलं, लोक म्हणतात ते खरंच की काय. मी बोलणंच टाकलं.

असाच अबोला चाललेला असताना एका सकाळी ते माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बुटाची लेस बांधत होते. मी मागे साडीवर डायमंड, म्हणजे चमकीचे खडे, चिकटवत बसले होते. डोक्यात राग असा चढला की मी त्यांचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय जन्मात घेतलं नव्हतं, आणि घेतलं तर पुढे एक शिवीही जोडून दिली. ते लेस बांधत राहिले. मी पुन्हा घेतलं, आणखी मोठ्यानं. समोरच्या घरातली शेजारीण तोंडावर हात ठेवून दारात आली. हे शांतपणे उठले, डबा घेतला, माझ्याकडे वळले आणि नेहमीसारखा निरोप घेत म्हणाले, "येस मी."

हातातला डायमंड माझ्या बोटालाच चिकटला होता.

मग एकेक आठवायला लागलं. मागून हाक मारली की वळायचे नाहीत, मी म्हणायची गुर्मी. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या, मी म्हणायची आळस. एकदा खात्यात डबा द्यायला गेले तेव्हा ते चालू मशीनवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, मशीनला नमस्कार करताहेत. कसला नमस्कार, ते हातानं ऐकत होते. लूमच्या खडखडाटामुळे आमच्यात सगळीच माणसं ओरडून बोलतात, त्यात एकाचे कान गेले हे कोणाला कळणार? मला, त्यांच्या बायकोला, कळलं नाही.

संध्याकाळी समोर बसून विचारलं. ते नाही म्हणाले नाहीत. मॅचमध्ये ते चेहरे वाचायचे. कड लागलेला पोरगा आधी डोळे चोरतो म्हणे, पण त्या दिवशी डोळ्यांवर गॉगल होता. म्हटलं, सांगून टाका सगळ्यांना. तर म्हणाले, "शेठले कळनं तं?" मास्टरनं आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखायचं असतं. बहिरा मास्टर कोण ठेवेल? त्यांनी मला लेकीची शपथ घातली.

शनिवारी मैदानाशेजारच्या मंडपात कमिटी बसली. मीही गेले. लीगची ट्रॉफी यांचेच गुजराती शेठ देतात, तेही पुढच्या खुर्चीत होते. कमिटीचे प्रमुख पारोळ्याचे एक काका, भला माणूस, यांना वाचवायलाच बसलेला. म्हणाले, "भाऊ, गोंधळात ऐकू आलं नसेल. तेवढं म्हणा आणि उद्या फायनलला तुम्हीच उभे राहा." मी मनात म्हटलं, सुटलो बाई.

तेवढ्यात कोणीतरी रेकॉर्डिंग लावलं. टक्क. शेठ हसले. "मास्टर, आटलो मोटो अवाज! कान गया के शुं?"

एवढा मोठा आवाज, कान गेले की काय, अशी मस्करीच होती. सगळा मंडप हसला. यांनी शेठच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ऐकू आलं होतं, शेठ. आपल्या तालुक्याची पोरं होती. सोडून दिलं."

मी मंडपाचा खांब धरला. अहो, या माणसानं भाच्याला सोडलं नाही. ओरडून सांगावंसं वाटत होतं की खोटं बोलताहेत हे, त्यांनी कधी बेइमानी केली नाही. पण लेकीची शपथ होती. काकांनी मान खाली घालून कोट मागितला. यांनी आधी घडी घातली, मग दिला. शेठनं त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं, सोमवारी नवी मशीनं येताहेत, लवकर या.

आम्ही बाहेर पडलो. मागून टोळकं आलंच. चोर, विकाऊ, मग आईबहिणीवरून, भेस्तानच्या रस्त्याला लागेपर्यंत. हे पुढे ताठ मानेनं चालत होते. मी मागे चालत एकेक शब्द ऐकत होते. नाक्यावरून टोळकं मागे फिरलं तेव्हा मी यांचा हात ओढून त्यांना वळवलं. विचारलं, असं का केलं?

"चोरले काम भेटस," ते म्हणाले. "बहिराले कोन देस?"

मग माझ्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "मांगून कोनी काही बोलनं का?"

मी दिव्याखाली सरकले, ओठ नीट दिसतील अशी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सावकाश म्हटलं, "नही. कोनीच काही नही बोलनं."